चेक इंजिन लाइट आणि सेन्सर सर्किट : मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्याच गाडीनं मला असं काही पिदडलं की मल्टीमीटर हातात घ्यावा लागला, आणि तेव्हापासून सोसायटीत कुणाच्या गाडीत पिवळा दिवा लागला की "दादा जरा बघता का" सुरू होतं. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. उदाहरणं बहुतेक कूलंट टेंपरेचर सेन्सरची देणार, कारण दोन वायरींचा साधा सेन्सर आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की बाकीचे समजायला सोपे जातात.

स्कॅनरवर "सेन्सर सर्किट" असं आलंय, म्हणजे सेन्सर गेला ना? ऑनलाइन मागवू का?

थांबा. कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा दोषाचा नंबर आणि नाव, नीट वाचा, त्यात "सर्किट" लिहिलंय. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त एका पिनवर किती व्होल्ट येतायत ते दिसतं, आणि ते व्होल्ट जगावेगळे झाले की तो कोड टाकतो. मग त्याला कारण सेन्सर असेल, कपलरची (वायरी सेन्सरला जोडणाऱ्या प्लगची) पिन असेल, मधली वायर असेल, अर्थ (करंटची मायनसकडे परतायची वाट) असेल, कधीतरी अगदी क्वचित ईसीयू स्वतः असेल. सेन्सर हा त्या यादीतला एक संशयित, बस. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार मी स्वतःच्या पैशानं दोनदा करून घेतलाय, खाली सांगतो.

सर्किट म्हणजे नेमकं काय असतं तिथे?

कूलंट सेन्सरमध्ये एक थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ईसीयूच्या आत ५ व्होल्टचा सप्लाय असतो आणि त्याच्यापुढे एक ठरलेला रेझिस्टर, तिथून एक वायर सेन्सरला जाते आणि दुसरी वायर सेन्सरमधून परत ईसीयूकडे अर्थला येते. समजा आतला रेझिस्टर २.५ किलोओहमचा आहे आणि गार इंजिनला सेन्सरही २.५ किलोओहमचा, तर ५ व्होल्टची बरोबर अर्धी वाटणी होऊन ईसीयूला २.५ व्होल्ट दिसणार. इंजिन गरम झालं, सेन्सर ३०० ओहमवर आला की आकडा साधारण अर्ध्या व्होल्टवर उतरतो. अर्धा म्हणजे ०.५, बरं का, अडीचचा अर्धा नाही. ईसीयूकडे या व्होल्टवरून तापमान काढायचा तक्ता असतो, एवढीच त्याची हुशारी.

आता वायर तुटली तर? करंट जायला वाटच नाही, वाटणी होत नाही, ईसीयूला पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. आणि सेन्सरकडे जाणारी वायर कुठे बॉडीला घासून अर्थ झाली तर शून्य. ही दोन टोकं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

पी०११७ आणि पी०११८ मध्ये फरक काय? एका नंबरचा तर फरक आहे.

त्या एका नंबरातच सगळं आहे. पी०११७ म्हणजे व्होल्ट फार कमी, शॉर्ट शोधा. पी०११८ म्हणजे व्होल्ट फार जास्त, तुटलेली जागा शोधा. पी०११६ आला तर व्होल्ट चौकटीत आहेत पण ईसीयूला ते पटत नाहीत, उदाहरणार्थ वीस मिनिटं गाडी चालवली तरी तापमान वर येत नाही, मग थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहिलाय का, कूलंट कमी आहे का हे बघायचं, वायर मागे. इनटेक हवेच्या सेन्सरला हेच पी०११२ आणि पी०११३, एमएपीला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला) कमी व्होल्टचा पी०१०७ आणि जास्त व्होल्टचा पी०१०८. लोक "हाय" वाचून गाडी गरम होतेय असं समजतात. तसं नाही, इथे हाय म्हणजे व्होल्ट हाय, आणि तापमानाच्या सेन्सरमध्ये व्होल्ट हाय म्हणजे तापमान उलट खाली दिसणार.

घरी काय काय सामान लागेल?

एक डिजिटल मल्टीमीटर, साधा चालतो. एक ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूतलं वाचणारा), तो ईएलएम ३२७ वाला मिळतो तो, मोबाइलवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, दाखवेल इतपत बास. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून चारचाकींना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असणारच. शिवाय दोन-तीन बारीक टाचण्या, एक यू-पिन, टॉर्च, आणि तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर निदान कुठल्या रंगाची वायर कशाची हे तरी कुणाकडून मिळवा, नाहीतर अंधारात तीर मारणं होतं.

लाइव्ह डेटामध्ये कूलंट उणे ४० दाखवतंय. पुण्यात!

हो, आणि तुमचा फोन बरोबर आहे. ईसीयूला ५ व्होल्ट दिसले की तक्त्यातलं सगळ्यात थंड टोक तो उचलतो, बहुतेक गाड्यांत ते उणे ४० असतं. गंमत म्हणजे सेल्सिअस असो की फॅरनहाइट, उणे ४० दोन्हीकडे उणे ४०च. हा आकडा दिसला की समजा सर्किट कुठेतरी तुटलंय. काही गाड्यांत मात्र कोड आल्यावर ईसीयू स्वतःच एखादा ठरावीक आकडा धरून बसतो आणि स्क्रीनवर तोच दाखवतो, ८० वगैरे, तेव्हा आकडा हलतोय का ते बघा, गार गाडीला आणि तापलेल्या गाडीला तोच एक आकडा असेल तर तो खरा नव्हे.

लक्षणं पण जुळवून बघा: चावी फिरवल्या फिरवल्या रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि थांबतच नाही, ॲव्हरेज पडतो, सकाळी सुरू व्हायला कुरकुर. फॅन ईसीयू मुद्दाम सुरू ठेवतो, म्हणजे आपण आंधळे आहोत तर निदान इंजिन तरी जळू नये.

सेन्सर खराब की वायर, हे पाच मिनिटांत कसं कळेल?

कपलर काढून आणि यू-पिन लावून. चावी ऑन, इंजिन बंद, स्क्रीनवर कूलंटचं तापमान उघडून ठेवा.

स्क्रीनवर फार गरम दाखवत असेल, १३०-१४० वगैरे, तर सेन्सरचा कपलर काढा. आकडा धाडकन उणे ४० ला गेला तर वायर ठीक आहे, सेन्सर आतून शॉर्ट आहे. काढूनही तसाच गरम राहिला तर शॉर्ट वायरमध्ये आहे.

स्क्रीनवर उणे ४० असेल तर कपलर काढून त्याच्या दोन पिनांना यू-पिननं जोडा. आकडा एकदम वर, १३० च्या पुढे गेला तर वायर आणि ईसीयू दोन्ही पास, आता खुशाल सेन्सर आणा. उणे ४० वरून ढिम्म हलला नाही तर सेन्सरला हात लावू नका, दोष वायरीत आहे.

यू-पिन हळूच टेकवायची, आत खुपसायची नाही. कपलरची आतली पोकळ (फीमेल) पिन एकदा फाकली की सैल बसते आणि मग आधी नव्हता तो दोष तुम्ही स्वतः तयार केलात. आणि ही युक्ती फक्त अशा दोन वायरींच्या तापमान सेन्सरला. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये चुकीच्या दोन पिना जोडल्या तर ५ व्होल्टचा सप्लाय सरळ अर्थ होतो.

तुमच्या गाडीत काय झालं होतं?

पी०११८ आला. एका वर्कशॉपमध्ये नेली, सेन्सर बदलला, लाइट गेला, घरी येईपर्यंत परत आला. पुन्हा नेली, म्हणाले पहिला पीस डिफेक्टिव्ह असेल, दुसरा टाकला. दोन्ही वेळा थोडं कूलंट सांडलं आणि दुसऱ्या खेपेला आत हवा अडकली, ती वेगळी कटकट. तिसऱ्या दिवशी परत लाइट. मग चिडून रविवारी सकाळी पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून स्वतःच बसलो.

यू-पिन लावली, उणे ४० हललं नाही. मग मल्टीमीटर. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब कपलरच्या सिग्नल पिनवर, ५ व्होल्ट आले. म्हणजे ईसीयूकडून येणारी वायर शाबूत. मग तीच लाल प्रोब तिथेच ठेवून काळी प्रोब कपलरच्या दुसऱ्या पिनवर नेली, आकडा शून्याच्या आसपास नुसता तरंगत राहिला. म्हणजे अर्थची वायर तुटलेली. बाकी कुठल्याच सेन्सरचा कोड नव्हता आणि अर्थ तर सगळ्यांचा एकत्र जोडलेला असतो, तेव्हा तुटलेली जागा त्या जोडाच्या अलीकडे, सेन्सरच्या बाजूलाच असणार. शोधायची लांबी एकदम हातभर उरली.

कपलरपासून काळी फ्लेक्सिबल नळी बाजूला करत वायर चिमटीत धरून हलकेच ओढत गेलो. बॅटरी ट्रेच्या कोपऱ्याशी वायर रबरासारखी ताणली गेली. चांगली वायर ताणत नाही, आतलं तांबं तिला धरून ठेवतं. ब्लेडनं वरचं प्लास्टिक उभं चिरलं तर आत तांबं नव्हतंच, नुसती हिरवी पूड, बोटाला लागली. कधीतरी बॅटरीचं ॲसिड ओघळलं असणार आणि कुठल्या तरी बारीक चिरेतून आत शिरलं असणार. चार इंच वायर बदलली, दहा रुपयांचं काम. मधल्या काळात दोन सेन्सरना ३,६०० रुपये गेले होते, कूलंट वेगळं.

मल्टीमीटरनं सेन्सरच तपासायचा असेल तर?

चावी बंद, कपलर काढून, मीटर ओहमवर. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सव्वादोन ते पावणेतीन किलोओहमच्या मध्ये आणि ८० अंशांना ०.३ किलोओहमच्या आसपास येतं, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. सेन्सर बाहेर काढला असेल तर भांड्यात पाणी तापवत, थर्मामीटर सोबत ठेवून बघा, आकडा सलग उतरला पाहिजे, मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला.

याहून सोपी तपासणी म्हणजे रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ऑन करून कूलंट आणि इनटेक हवा दोन्हींचे आकडे बघणं. रात्रभरात सगळं एकाच तापमानाला येतं, त्यामुळे दोन्ही दोन-चार अंशांच्या आत जुळले पाहिजेत. एक २४ आणि दुसरा ४१ म्हणत असेल तर खोटं कोण बोलतंय ते बाहेरच्या हवेवरून कळतं. याला एक रुपया लागत नाही.

कंटिन्युइटीची बीप वाजली, म्हणजे वायर ठीकच ना?

नाही हो. आतल्या पंधरा-वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. बीपचा उपयोग वायर पूर्ण तुटली आहे हे सांगायला, चांगली आहे हे सांगायला नाही. जिथे खरंच करंट वाहतो, जसा ओटू सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर किंवा इंजिनचा अर्थ, तिथे चालू सर्किटमध्ये व्होल्टेज ड्रॉप मोजा: एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरी सेन्सरच्या अर्थ पिनला मागून टाचणी लावून. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. ०.४-०.५ दाखवलं तर अर्थचा नट काढा, खालचा रंग-गंज घासून धातू चकचकीत करा आणि परत आवळा. निम्म्या विचित्र तक्रारी मी इथेच मिटलेल्या बघितल्या आहेत.

टेस्ट लॅम्पनं नाही का बघता येत? आमचा इलेक्ट्रिशियन तेच वापरतो.

फ्यूज, हॉर्न, हेडलाइट इथे जरूर वापरा, मल्टीमीटरपेक्षा बरा. पण ईसीयूच्या सिग्नल वायरवर नाही. बल्ब जेवढा करंट खेचतो तेवढा द्यायला ती पिन बनलेलीच नाही.

एकदम पाच-सहा कोड आलेत, सगळेच सेन्सर गेले का?

सगळे एका दिवशी कसे जातील? एकदम वरात आली की सगळ्यांना सामायिक काय आहे ते बघायचं: फ्यूज, अर्थ, आणि ५ व्होल्टचा रेफरन्स, म्हणजे ईसीयूकडून सेन्सरना मिळणारा सप्लाय. एमएपी, थ्रॉटल, एसीचा प्रेशर सेन्सर असे बरेच जण एकाच ५ व्होल्टच्या लाइनवर असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी सगळी लाइन खाली बसते, मग एसीच्या सेन्सरमुळे गाडी सुरूच होत नाही असा अजब प्रकार घडतो. पी०६४१ किंवा पी०६५१ आला तर सरळ इकडेच या.

कुठल्याही एका कपलरच्या रेफरन्स पिनवर मीटर लावून ठेवा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो चोर. सगळे काढूनही नाही आले तर वायर कुठेतरी घासली आहे, इंजिनच्या ब्रॅकेटच्या कडा, एक्झॉस्टच्या जवळचा भाग आधी बघा.

तीन वायरींचा सेन्सर कसा बघायचा?

एक रेफरन्स, एक अर्थ, एक सिग्नल. पहिल्या दोघांमध्ये ५ व्होल्ट मिळाले की घर ठीक आहे, मग सिग्नल बघायचा. सिग्नल सहसा ०.५ ते ४.५ व्होल्टमध्येच खेळवतात, मुद्दाम. शून्य आणि पाच ही दोन टोकं मोकळी सोडलेली असतात, तिथे आकडा गेला की वायर तुटली किंवा शॉर्ट झाली हे ईसीयूला लगेच कळतं.

एमएपी सेन्सरला एक छान फुकटची टेस्ट आहे. इंजिन बंद, चावी ऑन, की तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला गेलात तर ८६. मुंबईत उभ्या गाडीत ७० दाखवत असेल तर तो सेन्सर किंवा त्याची वायर थापा मारतेय. पेट्रोल इंजिन सुरू करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवलं की ३०-४० वर उतरायला हवं.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते. कोड पी०३३५.

क्रँक सेन्सरचं, म्हणजे इंजिन किती वेगानं फिरतंय ते ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचं सर्किट. हा कधी दोन वायरींचा कॉइलवाला असतो, कधी तीन वायरींचा हॉलवाला (आत चुंबकीय बदल ओळखणारी चिप असते तो). कॉइलवाल्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, गार असताना आणि बंद पडल्या पडल्या गरम असताना, दोन्ही वेळा मोजा, गरम झाल्यावर ओपन दाखवलं तर सेन्सरच. हॉलवाल्याचे ओहम मोजून उपयोग नाही, त्याला सप्लाय आणि अर्थ मिळतोय का आणि इंजिन हळू फिरवल्यावर सिग्नल वर-खाली होतो का ते बघायचं. बंद पडल्यावर स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहत असेल तर संशय पक्का. आणि ही गाडी घेऊन घाटात जाऊ नका कृपा करून.

ओटू सेन्सरच्या हीटरचा कोड आलाय.

आधी फ्यूज. मग फ्यूज. खरंच, निम्मे लोक फ्यूज न बघता महागडा सेन्सर आणतात. फ्यूज ठीक असेल तर हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, काही ओहम यायला हवेत, ओपन आला तर हीटर गेला. याची वायर सायलेन्सरला टेकून वितळलेलीही बऱ्याचदा सापडते.

फक्त पावसाळ्यातच लाइट लागतो, उन्हाळ्यात गायब. नाटक करते का गाडी?

कपलरमध्ये पाणी जातंय. कपलरच्या आत एक रबरी सील असतं, काढताना-घालताना ते पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लॉक तुटलेलं असेल तर कपलर अर्धवट बसतो. पिना हिरव्या-पांढऱ्या दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, वाळू द्या, मग सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. पिन फार खाल्ली गेली असेल तर साफ करत बसू नका, पिन किंवा अख्खा कपलर वायरीसकट बदला, ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. कोकणात, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी हे वर्षातून एकदा बघावंच, खारी हवा पिनांना सोडत नाही.

हलवून बघायची टेस्ट पण इथेच कामाला येते. इंजिन चालू, लाइव्ह डेटाचा ग्राफ समोर, आणि एकजण वायरचा गठ्ठा जागोजागी हलवतोय. ग्राफनं जिथे खड्डा मारला तिथे थांबा. नाहीच सापडलं तर स्प्रेच्या बाटलीनं थोडं थोडं पाणी मारून बघा, संशयाच्या जागी हेअर ड्रायरची गरम हवा द्या. आणि सर्व्हिसिंगला इंजिन वॉश म्हणून प्रेशरनं पाणी मारून घेणं बंद करा, त्यानंतर दोन दिवसांत मला किती फोन येतात सांगू.

उंदरानं वायरी खाल्ल्यात. काय करू?

गाडी सुरू करून बघू नका, उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर एका सेन्सरवर निभावणार नाही. बॅटरीची मायनस काढा, फोटो काढा, इन्शुरन्सला कळवायचं असेल तर वायर जोडण्याआधी कळवा. मग अख्खी लाइन तपासा, कारण उंदीर एका ठिकाणी खाऊन थांबत नाही, दिसतं ते वरचं असतं, खाली गिअरबॉक्सच्या बाजूला अजून असतं. तंबाखूची पुडी, डांबर गोळ्या हे सगळं मी करून बघितलंय. आमच्या पार्किंगच्या उंदरांवर काही फरक पडला नाही. गाडी रोज हलवणं आणि बॉनेटखाली रात्री दिवा लावून ठेवणं याचा थोडाफार उपयोग झाला.

सीएनजी किट बसवल्यापासून कोड येतायत, किटचा दोष का?

किटचा असेलच असं नाही, जोडांचा असण्याची शक्यता जास्त. बाहेरून किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये घ्याव्या लागतात, शिवाय एमएपी, आरपीएम, कधी ओटू सेन्सर यांच्या वायरींना टॅप मारतात. हे जोड घाईत पिळून वर काळी टेप गुंडाळलेले असले की इंजिनच्या उष्णतेनं टेपचा गोंद सुटतो आणि वर्षभरात जोड उघडा. पेट्रोलवर कोड येतो का, फक्त गॅसवर येतो का हे आधी नोंदवा. मग किटची वायर जिथे मूळ वायरीला मिळते तो प्रत्येक जोड उघडून बघा. फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्यांचीही हीच कथा.

वायर जोडायची कशी? पिळून टेप लावली तर चालेल ना?

चालते, आठवडाभर. नीट करायचं तर हिरवी झालेली वायर कापत मागे जा, लालसर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत. त्याच जाडीची वायर मध्ये घाला. क्रिंप स्लीव्ह किंवा सोल्डर, दोन्ही चालतं, पण सोल्डर केल्यावर जोडाच्या बाजूची वायर कडक होते आणि सतत हलणाऱ्या जागी तिथेच तुटते, म्हणून इंजिनवर मी क्रिंप पसंत करतो. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, जोडायच्या आधी वायरीत ओवायला विसरू नका, मी दर वेळी विसरतो. दोन-तीन वायरी असतील तर जोड एकाच जागी आणू नका, थोडे मागेपुढे ठेवा. वायरी एकमेकींभोवती पीळ घातलेल्या असतील, जशा एबीएसच्या किंवा क्रँक सेन्सरच्या असतात, तर तो पीळ तसाच ठेवायचा, तो आसपासचा विद्युत गोंगाट (नॉइज) पकडू नये म्हणून असतो.

तपासताना वायरीला सुई टोचली असेल तर ते भोकही बंद करा. माझ्या गाडीतली ती चीर कुणी तपासताना पडली होती की काय, कोण जाणे.

कोड क्लिअर केला, लाइट गेला. झालं का काम?

दोष न काढता कोड पुसणं म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर झटकून ठेवणं. उलट नुकसान होतं, कारण कोड पडला त्या क्षणाची नोंद, वेग किती, तापमान किती, आरपीएम किती, ती फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट काढा, मग पुसा. बॅटरीची वायर काढून ठेवली की तेच होतं, वर घड्याळ-रेडिओ आणि काही गाड्यांत खिडक्यांचं सेटिंग जातं ते वेगळंच.

घरी कशाला अजिबात हात लावू नये?

एअरबॅगच्या वायरी, बहुतेक गाड्यांत पिवळे कपलर असतात, तिथे मल्टीमीटर सुद्धा लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड केशरी केबल. तापलेल्या इंजिनचं रेडिएटर झाकण आणि कूलंट सेन्सर, उकळतं पाणी तोंडावर येतं. फॅनच्या जवळ ओढणी, मफलर, बाही नको, वर सांगितलंच की हा दोष असताना तो कधीही सुरू होतो. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापू नका, फक्त मोजा आणि त्यांना आकडे दाखवा.

मेकॅनिककडे नेलीच तर त्याला काय सांगू? तो ऐकून घेत नाही.

"सेन्सर बदला" असं सांगू नका, तो बदलेल. "कपलर काढल्यावर आकडा बदलतो का आणि ५ व्होल्ट येतायत का बघा, मग पार्ट टाका" असं सांगा. गाडी कधी त्रास देते, गार की गरम, पावसात की उन्हात, खड्ड्यात आदळल्यावर की नुसती उभी असताना, हे लिहून न्या. बऱ्याच इलेक्ट्रिशियनना एवढं मिळालं की अर्धं काम तिथेच होतं, चांगला माणूस खूश होतो. आणि वायर शोधण्याच्या वेळेचे पैसे मागितले तर द्या, तासभर वाकून एक तार सापडवणं हे पार्ट बदलण्यापेक्षा अवघड काम आहे. मला फोटो पाठवून "काय झालंय सांगा" म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, उंटावरून शेळ्या हाकायला लावू नका, निदान दोन व्होल्टेज तरी मोजून पाठवा.

काढलेला जुना सेन्सर टाकून देऊ का?

नको, मागून घ्या आणि डिकीत ठेवा. माझ्याकडे दोन आहेत, कंपनीतून आला तो आणि त्यानंतर टाकलेला. दोन्ही पाण्यात तापवून मोजले. दोन्ही चांगले आहेत.